जुनं विंडोज मागणाऱ्यांच्या बाजूनं

नव्या लॅपटॉपवर जुनं विंडोज टाकून द्या म्हणणाऱ्या माणसाविषयी माझं मत बरीच वर्षं ठाम होतं. याला नवं शिकायला नको, असं मला वाटायचं. बटण जागचं हललं की गडबडतो, म्हणून चाळीस-पन्नास हजारांच्या मशीनवर दहा-पंधरा वर्षांपूर्वीची सिस्टीम मागतो. मी आटपाडीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो, जोडीला क्लास घेतो. नवं शिकवण्यावर माझं घर चालतं, त्यामुळं जुन्याची मागणी मला थेट माझ्या कामाच्या विरोधातली वाटे. ‘ते आता होत नाही’ एवढं सांगून मी गिऱ्हाईक परत पाठवायचो. आता पाठवत नाही. मत का बदललं ते नीट मांडावं असं वाटतं, कारण आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं आजही माझ्या जुन्या म्हणण्यासारखंच आहे.

माझ्या नकारामागं कारणं होती आणि ती आजही खरी आहेत. विंडोज सात बाजारात आलं ऑक्टोबर २००९ मध्ये. तेव्हाच्या लॅपटॉपमध्ये यूएसबी तीनची खाच नव्हती आणि एनव्हीएमई जातीची एसएसडी तर कुणी पाहिलीही नव्हती. त्यामुळं सातच्या मूळ सीडीत या दोन्हींचे ड्रायव्हर नाहीत. याचा परिणाम काय होतो ते एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. २०१६-१७ च्या आसपासचा लॅपटॉप घ्या, सातचा पेनड्राइव्ह लावा. मशीन पेनड्राइव्हवरून चालू होतं, पांढरी पट्टी सरकते, रंगीत ठिपके फिरत एकत्र येतात आणि खिडकीचं चित्र बनतं. निळ्या पडद्यावर भाषा विचारणारी चौकट येते. आणि बाहेरून लावलेला माउस हलत नाही. त्याचा लाल दिवाही विझलेला असतो. लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डवर एंटर मारून पुढं गेलं, तर सीडीचा ड्रायव्हर सापडत नाही म्हणून मशीन अडून बसतं. सीडीचा तिथं संबंधच नसतो. इतका वेळ बायोसच्या आधारानं पेनड्राइव्ह वाचला जात होता. आता कारभार सातनं हातात घेतला आणि ज्या पेनड्राइव्हवरून ते स्वतः चालू झालं, तोच त्याला दिसेनासा झाला. माझ्या क्लासच्या मुलांना ड्रायव्हर म्हणजे काय हे मी तासभर समजावून सांगायचो, त्यापेक्षा हे एकदा बघितलं की जास्त कळतं.

यातूनही वाट काढता येते. यूएसबीचे ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये आधीच घुसवायचे, एनव्हीएमईसाठी मायक्रोसॉफ्टनं मागाहून दिलेला पॅच त्यात मिसळायचा, बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करायचं, लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीनं मशीन चालू होण्याची सोय, सुरू करायची. एवढं करून सात बसलं तरी पुष्कळदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर मिळत नाही, पडद्यावरची अक्षरं ताणलेली दिसतात, वायफाय लागत नाही, उजेड कमी-जास्त होत नाही. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१६ मध्येच सांगून टाकलं होतं की यापुढचे नवे प्रोसेसर फक्त विंडोज दहावर चालवावेत. २०१७ पासून अशा प्रोसेसरवरच्या सातला अपडेट देणंही बंद केलं. इंटेलनं लेगसीची सोय काढून टाकण्याचं जाहीर केलं तेही २०१७ मध्येच. आताच्या पुष्कळ नव्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये ती ओळच नसते. बत्तीस बिटचं सात तर लेगसीशिवाय चालूच होत नाही. पुढं १४ जानेवारी २०२० ला सातचा सुरक्षा-पुरवठा थांबला आणि २०२३ च्या सुरुवातीला क्रोमनंही त्याची साथ सोडली. इतकं सगळं पाठ असल्यावर समोरच्याला ‘नाही’ म्हणायला मला कधी जड गेलं नाही.

ते जड गेलं एका छापखान्याच्या मालकांमुळं. वयानं मोठे, सगळे त्यांना नाना म्हणतात. खिळे जुळवून ट्रेडलवर छापायचे, तिथपासून ऑफसेटपर्यंत आलेला माणूस. आमच्याकडची धूळ, उन्हाळा आणि ये-जा करणारी लाइट यांनी त्यांच्या जुन्या डेस्कटॉपचा बोर्ड गेला. मुलानं नवा लॅपटॉप घेऊन दिला. तो काखेत मारून नाना दुकानात आले.

“सर, ह्याच्यावर तेवढं सात टाकून द्या.”

“नाना, ह्यात अकरा आहे. सात आता बसत नाही.”

“आवं, पण माझं मॅटर सगळं जुन्यात हाय. ह्याच्यात ते उघडंना.”

मी नेहमीचं उत्तर दिलं. युनिकोड शिका, नवं सॉफ्टवेअर घ्या, आठवडाभरात हात बसेल. नाना वाद घालायला आले नव्हते. त्यांनी पिशवीतून एक जुनी लग्नपत्रिका काढून काउंटरवर ठेवली. म्हणाले, ह्या घरातल्या थोरल्याचं लग्न झालं तेव्हाची ही. आता धाकट्याचं ठरलंय. त्यांना हीच पायजे, नावं तेवढी बदलून.

पत्रिका मी उघडून बघितली. वर श्री सिद्धनाथ प्रसन्न, म्हणजे खरसुंडीचा नाथ. घर गलाईवाल्यांचं. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत हे महाराष्ट्रात पुष्कळांना माहीत आहे. त्या पांगण्याची नोंद कुठं असेल तर ती अशा पत्रिकांत. निमंत्रकांच्या यादीत एकेका नावापुढं गावाचं नाव: कुणी कोइमतूरला, कुणी केरळात, कुणी थेट उत्तरेत. त्याखाली चुलते, मामा, आत्याकडची मंडळी. कुणाचं नाव कुणाच्या वर घ्यायचं, कुणापुढं ‘सरपंच’ लावायचं, वारलेल्या आजोबांपुढं ‘कैलासवासी’ कुठं, हे सगळं त्या घरात बसून, दोन-दोन प्रूफं तपासून ठरलेलं. शेवटी किलबिलमध्ये पोरांची नावं. ती पोरं आता मिशा फुटलेली, पण नात्यांचा क्रम तोच. नाना म्हणाले, “हे एकदा बसवायला लई ताप झालता. आता परत कोण बसवंल?”

जुन्या डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क काढून मी लॅपटॉपला जोडली. फोल्डर व्यवस्थित दिसले. गावागणिक लावलेले, त्यात वर्षं, त्यात आडनावं. पत्रिका होत्या, यात्रेची हँडबिलं होती, गजी नृत्याच्या स्पर्धांची पोस्टरं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची स्नेहसंमेलनाची पानं, आटपाडीच्या डाळिंब सौद्याला जाणाऱ्या पेट्यांची लेबलं. डाटा शाबूत होता. फाइल मात्र उघडेना, कारण सगळं पेजमेकरमध्ये केलेलं. त्यातलं थोडं मॅटर नोटपॅडमध्ये ओढून बघितलं तर इंग्रजी अक्षरं, टिंबं, पौंडाच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं. थोरल्या नवरदेवाचं नाव त्या जंजाळात कुठं आहे ते मला ओळखता आलं नाही.

हे असं का होतं, ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या डीटीपीवाल्याला ठाऊक आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉण्ट असेल तर मराठी दिसायचं, फॉण्ट नसेल तर खालचा कचरा उघडा पडायचा. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या सगळ्यांचे फॉण्ट आणि कीबोर्ड आपापले. त्यांच्या जोरावर पेजमेकरनं मराठी छपाई वर्षानुवर्षं वाहून नेली. पेजमेकर आल्डस कंपनीनं १९८५ मध्ये आणलं, १९९४ मध्ये ते अॅडोबीकडं गेलं, २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची ठरली. युनिकोड त्याला कधीच कळलं नाही. तिकडं विंडोज २००० मध्ये मंगल फॉण्ट येऊन युनिकोडमधून मराठी लिहिण्याची सोय झालेली होती. इकडं छापखाने पेजमेकरवरच राहिले, कारण छपाईच्या तोलाचे देखणे युनिकोड फॉण्ट आणि त्यांना सांभाळणारं पानं लावायचं सॉफ्टवेअर तालुक्याच्या गावाला परवडेल अशा रीतीनं यायला फार वर्षं लागली. नाना मागं राहिले असं मी म्हणत होतो, ते त्यावेळी उपलब्ध असलेल्या सगळ्यात चांगल्या साधनावर काम करत होते.

मग बदलून घ्या की सगळं युनिकोडमध्ये, असा माझा दुसरा हट्ट होता. तो करून बघितला. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात आणि साध्या मजकुरावर बरे चालतात. अडचण वेलांटीशी येते. जुन्या फॉण्टमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशीच, व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. जुन्यात तो अक्षर टाइप झाल्यावर डोक्यावर ठेवायचा, युनिकोडमध्ये त्याचा र आधी लिहायचा. प्रोग्रामला ही अदलाबदल प्रत्येक जोडाक्षराशी थांबून करावी लागते, आणि जिथं टाइप करणाऱ्यानं आपल्या सोयीनं एखादा अर्धा तुकडा वेगळ्याच फॉण्टमधून उचलून चिकटवलेला असतो तिथं त्याला काहीच उमगत नाही. धर्माजीचा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. एखादी वेलांटी तुटते. बातमीच्या मजकुरात हे चालून जाईल. पत्रिकेत मामाचं नाव चुकलं तर लग्नात रुसवा होतो आणि तो छापखान्याच्या दारात येतो. नानांकडं अशा शेकडो फाइली. प्रत्येक नाव मूळ छापील प्रतीशी ताडून बघायचं, तर आधी मूळ फाइल उघडली पाहिजे. म्हणजे नव्याकडं जायलासुद्धा जुनं चालू लागतंच. माझं मत फिरलं ते या ठिकाणी.

त्यानंतर मी गिऱ्हाइकांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. आधी ज्यांना परत पाठवलं होतं त्यांची आठवण झाली. एका पतसंस्थेचे जुने हिशेब डॉसच्या काळातल्या फॉक्सप्रोमध्ये होते आणि चौसष्ट बिटचं विंडोज तसले सोळा बिटचे प्रोग्राम चालवत नाही. एका वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवणाराच धंदा सोडून गेलेला. या माणसांना विंडोजच्या आवृत्तीशी काही देणंघेणं नव्हतं. आपण पैसे मोजून, हातानं केलेलं काम पुन्हा उघडावं, एवढीच त्यांची मागणी होती. सात, एक्सपी ही नावं ते घेत, कारण ते काम शेवटचं कुठं चाललं होतं तेवढंच त्यांना सांगता येत होतं.

आणि ही काही फक्त तालुक्याच्या गावची तऱ्हा नाही. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हा जगभरातल्या कंपन्यांनी नव्या मशीनवर एक्सपी मागितलं, आणि मायक्रोसॉफ्टनं एक्सपीची विक्री २००८ च्या जूनपर्यंत वाढवली. छोट्या नेटबुकांवर तर त्याहून पुढं चालू ठेवली. नव्या मशीनबरोबर मिळणाऱ्या प्रो आवृत्तीच्या परवान्यात मागची आवृत्ती वापरायचा हक्क लिहिलेला असायचा. दहा प्रोवाल्याला सात प्रोफेशनल कायदेशीररीत्या टाकता येत होतं. एक्सपीचा सुरक्षा-पुरवठा ८ एप्रिल २०१४ ला थांबला, तरी आपल्या देशातल्या बँकांच्या एटीएममध्ये ते चालू राहिलं; जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की २०१९ च्या जूनपर्यंत टप्प्याटप्प्यानं ते काढा. बँकांना चार-पाच वर्षांची मुदत मिळाली, तर आटपाडीतल्या छापखान्यालाही थोडी मिळायला हवी, असं मला आता मनापासून वाटतं.

मुदत मात्र कशी द्यायची, याबाबत मी अजून कडक आहे. नेटला जोडलेल्या मशीनवर उघडं सात मी टाकत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला तेव्हा सगळ्यात जास्त फटका एक्सपीला बसल्याचं लोक सांगतात. प्रत्यक्षात लागण झालेली बहुतेक मशीनं विंडोज सातची होती. त्यावरचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, ज्यांनी तो घेतला नव्हता ते सापडले. सात तेव्हा निदान पॅच मिळणारं होतं. आता तेही राहिलं नाही. सातबारा, बँक, जीएसटी, आधार हे ज्या मशीनवर चालतं तिथं सात मागायला कुणी आलं, तर मी आजही नाहीच म्हणतो आणि का ते बसवून सांगतो. हल्ली अकराचा लॅपटॉप आणून दहा मागणारे येतात, त्यांनाही हेच सांगणं आहे. दहाचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. केवळ स्टार्टचं बटण डावीकडं पाहिजे म्हणून तिकडं जाऊ नका, ते बटण अकरामध्येही सेटिंगमधून डावीकडं नेता येतं.

नानांचं काम वेगळ्या वाटेनं केलं. लॅपटॉपवरचं अकरा जागचं हलवलं नाही. त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाकलं. ते फुकट मिळतं आणि होम आवृत्तीवरही चालतं. त्याच्या आत एक वेगळं मशीन बनतं. जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी एका मोठ्या फाइलीत उतरवून त्या मशीनला दिली. नाना सात म्हणत होते, पण डिस्कवर होतं एक्सपी. पहिल्यांदा निळा पडदा आला, कारण एक्सपीला ओळखीचा डिस्क-कंट्रोलर सापडेना. तो जुन्या आयडीई जातीचा करून दिला आणि हिरवं माळरान, निळं आभाळ असलेला एक्सपीचा पडदा लॅपटॉपवर एका चौकटीत उघडला. त्या आतल्या मशीनची नेटची तार कापलेली, म्हणजे नेटवर्कचं कार्डच काढून टाकलेलं. फाइल आत-बाहेर करायला एक सामायिक फोल्डर. आता नानांची सून बाहेरच्या अकरावर व्हॉट्सअॅपवरून आलेलं मॅटर बघते, आतल्या एक्सपीत पेजमेकर उघडून सेटिंग करते, पीडीएफ काढून पुन्हा बाहेर पाठवते. धाकट्याची पत्रिका त्यावरच झाली.

या सगळ्यात नवं काहीच नाही, कंपन्या हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. विंडोज सातबरोबर मायक्रोसॉफ्टनं स्वतःच ‘एक्सपी मोड’ नावानं हीच सोय दिली होती. मलाही ती माहीत होती. क्लासमध्ये शिकवलीही असेल. पण छापखानेवाल्यानं, पतसंस्थेच्या कारकुनानं मागितल्यावर ती काढून द्यावी, असं कधी मनात आलं नव्हतं, कारण त्यांची मागणीच मला रास्त वाटत नव्हती. ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर, शंकरराव खरात हे आमच्याच तालुक्याचे, आणि त्यांचं लिहिलेलं पुस्तकांत सुखरूप आहे. बाकीच्या माणदेशानं गेल्या तीस वर्षांत जे छापलं, म्हणजे कुणाचं लग्न, कुठली यात्रा, कुठल्या संस्थेचा ताळेबंद, ते अशाच फाइलींत पडून आहे. त्या उघडण्याचं कसब माझ्याकडं असताना ‘नवं शिका’ म्हणून गप्प बसणं मला आता पटत नाही.

एक गोष्ट माझ्या हातात नाही. त्या काळातली मराठीची पुष्कळ सॉफ्टवेअरं लॉकवर चालतात. मशीनच्या मागं खोचलेला अंगठ्याएवढा तुकडा, तो असेल तरच फॉण्ट उघडतात. आधी प्रिंटरच्या खाचेत बसणारे होते, मग यूएसबीचे आले. यूएसबीचं असेल तर ते आतल्या मशीनला देता येतं. नानांचं तसं होतं म्हणून निभावलं. प्रिंटरच्या खाचेतलं असेल तर नव्या लॅपटॉपला ती खाचच नाही. लॉक जळालं तर पावती हातात असूनही आपलंच लिहिलेलं वाचता येत नाही. ज्या आवृत्त्या आता विकल्या जात नाहीत, त्यांचं लॉक बनवणाऱ्यांनी सोडून द्यावं, ही माझी उघड मागणी आहे. त्यात त्यांचं आता काही बुडत नाही, आणि इकडच्या छापखान्यांचं सगळं काम त्यावर अडून आहे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आम्ही नानांच्या फाइलींच्या पीडीएफ काढायला घेतल्या आहेत, आधी पत्रिका, मग अहवाल, लेबलं शेवटी. युनिकोडचं रूपांतर त्याच्या मागून, एकेक नाव पीडीएफशी ताडून. तालुक्यात आणखी कुणाकडं असं मशीन असेल तर ते चालू आहे तोवरच घेऊन यावं, लॉकसकट. बंद पडलेलंही बघता येतं, पण वेळ जास्त लागतो.